हात उचला, पण मोजणी थांबवू नका

"ताई, मी डिचोलीचा. वय बेचाळीस. लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलीला म्हापशाला कीबोर्डच्या क्लासला सोडायला-आणायला जायचो, बाहेर बसून कंटाळा यायचा, म्हणून मीही तिथंच नाव घातलं. पाच रेघांवरचे सूर आता वाचता येतात. पण रेस्ट, म्हणजे गप्प राहायची खूण, आलं की माझा घोटाळा होतो. सर कधी म्हणतात, 'तुम्ही रेस्ट खाल्लं.' त्याच ओळीत पुढं म्हणतात, 'आता उशिरा आलात.' मुलगी नऊ वर्षांची, तिला हे सहज जमतं. मला एक कळत नाही. काहीच वाजवायचं नाही, त्यासाठी एवढी वेगवेगळी चिन्हं कशाला? आणि ती अंगात मुरवायची कशी? डिसेंबरात क्लासच्या कार्यक्रमात आम्हा दोघांना एकाच कीबोर्डवर एक तुकडा वाजवायचा आहे. तोपर्यंत जमेल का?"
– एक पेटीवाला, डिचोली

नमस्कार भाऊ,

जमेल. तुमच्या अडचणीचं कारण तुमच्या पत्रातच आहे आणि ते दूर होण्यासारखं आहे. तुम्ही लिहिलंय, लहानपणापासून पेटी वाजवता. तुमचे हात तयार आहेत, कान तयार आहे, लय अंगात आहे. पण पेटीनं तुमच्या हाताला एक सवय लावली आहे. भजनात ती सवय हवीच, या पाश्चात्य नोटेशनमध्ये, म्हणजे स्वरलेखनात, मात्र ती आडवी येते. तुमच्या मुलीच्या हाताला अजून कुठलीच सवय नाही, म्हणून तिला सहज जमतं. यात वयाचा काही संबंध नाही.

आधी सरांच्या दोन तक्रारी वेगळ्या करू या, कारण ते दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. 'रेस्ट खाल्लं' म्हणजे आधीचा सूर तुम्ही सोडलाच नाही, तो पुढं ओढला आणि रेस्टची जागा त्यानं भरून टाकली. 'उशिरा आलात' म्हणजे सूर सोडलात खरा, पण त्याबरोबर मोजणीही सोडलीत आणि पुढचा सूर अंदाजानं घेतलात. पहिला दोष बोटाचा, दुसरा डोक्याचा.

बोटाचा दोष कुठून आला ते पाहा. आपण सरगम लिहितो ती बहुतेक भातखंडे पद्धतीनं. त्या लिपीत स्वरापुढं आडवी रेघ आली की तो स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. खाली शब्दांच्या ओळीत तेच काम अवग्रह (ऽ) करतो. 'सा – – रे' असं लिहिलं असेल तर सा तीन मात्रा चालतो आणि चौथ्या मात्रेला रे येतो. म्हणजे तुमच्या डोळ्याला वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं आहे, की जिथं नवं अक्षर नाही तिथं जुना स्वर चालू ठेवायचा. स्टाफवर, म्हणजे त्या पाच रेघांवर, हे उलट आहे. तिथं स्वर किती लांब चालणार हे स्वराच्या आकारातच सांगितलेलं असतं. पोकळ गोल, पोकळ गोलाला दांडी, भरीव गोलाला दांडी, दांडीला शेपटी. पुढच्या जागेकडे बघून काही ठरवायचं नसतं. सा एका मात्रेचा लिहिला आणि पुढं दोन मात्रांचं रेस्ट लिहिलं, तर सा एकच मात्रा वाजणार, मग दोन मात्रा शांत, मग रे. कागदावरची जागा दोन्हीकडे सारखीच रिकामी दिसते, पण अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

त्यात तुम्ही साथीचे पेटीवाले. गायक श्वास घ्यायला थांबला की पेटीवाला ती जागा भरतो, हे आपल्याकडे साथीचं कौशल्यच मानलं जातं आणि ते बरोबरही आहे. अभंगात बुवांनी ओळ टाकली, टाळकऱ्यांनी उचलली, मधे पेटी गप्प राहिली तर भजन उघडं पडतं. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा सूर कमी होत नाही, आणि चांगला वादक भाता कधी रिकामा होऊ देत नाही. अशा माणसाला रेस्ट दिसलं की आतून वाटतं, काहीतरी राहून गेलं. तो नकळत ती जागा भरतो. म्हणून तुम्हाला आधी मनाशी पक्कं करावं लागेल की इथली शांत जागा संगीतकारानं मुद्दाम ठेवली आहे, आणि ती राखणं हेच त्या क्षणी तुमचं वाजवणं आहे.

आता रेस्ट नेमकं कुठं सुरू होतं, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. सगळा गोंधळ इथंच होतो आणि क्लासमध्ये यावर फार कमी बोललं जातं. समजा चार मात्रांच्या बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या एका मापात, दोन मात्रांचा एक सूर आहे आणि मग दोन मात्रांचं रेस्ट. सूर एकवर सुरू झाला. तो कधी संपतो? बरेच नवशिके दोन म्हणता म्हणताच बोट उचलतात, कारण 'दोन मात्रा झाल्या' असं त्यांना वाटतं. पण 'दोन' हा उच्चार म्हणजे दुसऱ्या मात्रेची सुरुवात. ती मात्रा अजून पुरी व्हायची आहे. ती तीनच्या तोंडाशी पुरी होते. म्हणून बोट तीनच्या उच्चाराबरोबर उचलायचं, आधीही नाही आणि नंतरही नाही. जसा सूर घेण्याचा एक नेमका क्षण असतो तसाच सोडण्याचाही असतो. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, मुरलेले गायक शब्दाच्या शेवटचं व्यंजन नेमकं रेस्टच्या मात्रेवर टाकतात, ते याच हिशेबानं. पन्नास माणसं असली तरी त्यामुळे शब्द एकदमच बंद होतो.

तेव्हा तुमच्यासाठी रेस्टचा अर्थ असा धरा, की तीनला एक काम आहे, हात उचलणं. ते काम सूर दाबण्याइतकंच ठरलेल्या वेळी करायचं. हे एकदा बोटांना कळलं की 'खाल्लं' ही तक्रार आठवडाभरात निम्मी होईल.

एक युक्ती सांगते, ती पेटीवाल्याला विशेष उपयोगी आहे. कीबोर्डवर पियानोचा आवाज लावून सराव करू नका. पियानोचा सूर तारेवर हातोडी पडल्यावर आपोआप विरत जातो, त्यामुळे बोट दाबून राहिलं तरी आपली चूक कानाला लगेच टोचत नाही. त्याऐवजी ऑर्गनचा आवाज लावा. तो पेटीसारखाच बोट असेपर्यंत तसाच वाजत राहतो. रेस्टमध्ये एखादं बोट चुकून राहिलं तर लपायला जागाच नाही. आणि कीबोर्डवरचं सस्टेनचं, म्हणजे सूर लांबवणारं, बटण चालू राहिलेलं नाही ना, तेही बघा, पेडल असेल तर पाय बाजूला ठेवा. बोट वेळेवर उचलूनही सूर मागं रेंगाळतो तेव्हा पुष्कळदा दोष त्या बटणाचा असतो आणि विद्यार्थी बिचारा स्वतःला दोष देत बसतो.

आता तुमचा प्रश्न, एवढी चिन्हं कशाला. कारण शांततेलाही लांबी असते, आणि ती सुराइतकीच मोजून लिहावी लागते. जेवढ्या लांबीचे सूर तेवढ्याच लांबीची रेस्ट, प्रत्येकाची जोडी ठरलेली. तुमच्या क्लासमध्ये बहुधा ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षेची पुस्तकं असतील, त्यामुळे नावं ब्रिटिश पद्धतीची ऐकत असाल: सेमिब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर. गोव्यातल्या जुन्या वादकांकडून तुम्हाला सेमिनिमा, कोल्शैया असे पोर्तुगीज शब्दही ऐकू येतील. पोर्तुगीज काळात इथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे सूर वाचून गाणं, शिकवत, त्यातून ते आले. सेमिनिमा म्हणजे क्रॉचेट, कोल्शैया म्हणजे क्वेव्हर. नावांनी बिचकू नका, हिशेब एकच आहे, प्रत्येक पुढचं आधीच्याच्या निम्मं.

आकार बघू. सर्वांत गोंधळाची जोडी पहिली. सेमिब्रीव्ह रेस्ट आणि मिनिम रेस्ट दोन्ही म्हणजे एक छोटा काळा ठोकळा. खालून मोजल्यास चौथ्या रेघेला जो खाली लोंबकळतो तो सेमिब्रीव्ह रेस्ट, चार मात्रांचा. तिसऱ्या म्हणजे मधल्या रेघेवर जो बसलेला असतो तो मिनिम रेस्ट, दोन मात्रांचा. चार मात्रांचं वजन जास्त म्हणून तो खाली लोंबतो, दोनचा हलका म्हणून वर बसतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. क्रॉचेट रेस्ट एका मात्रेचं, वेडीवाकडी नागमोडी उभी रेघ. ते हातानं नीट काढायला सगळ्यांनाच जड जातं, घाईत काढलेलं कसंही दिसलं तरी चालतं. क्वेव्हर रेस्ट अर्ध्या मात्रेचं, तिरकी दांडी आणि वर डावीकडे एक गाठ, साधारण इंग्रजी सातच्या आकड्यासारखं. त्याच दांडीला दोन गाठी आल्या की पाव मात्रा. रेस्टच्या पुढं टिंब दिसलं तर सुराच्या टिंबाचाच नियम, मूळ लांबीत तिची निम्मी आणखी मिळवायची.

यात एक गोष्ट अशी आहे जिथं हुशार विद्यार्थीही फसतात. तो चौथ्या रेघेला लोंबणारा ठोकळा बारमध्ये एकटाच असेल तर त्याचा अर्थ 'चार मात्रा' असा नसून 'हा बार पूर्ण रिकामा' असा असतो. तीन मात्रांच्या तालात तो तीन मात्रांचा होतो, दोनच्या तालात दोनचा. वॉल्ट्झसारख्या तीनच्या चालीत तुम्ही तो चार मोजलात तर पुढचा प्रत्येक सूर एक मात्रा उशिरा पडणार. सर 'उशिरा आलात' म्हणतात त्या जागा कागदावर शोधा. त्यातली एखादी इथं सापडेल असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला आणखी एक गोष्ट खटकली असेल. दोन मात्रांसाठी एक सोपं मिनिम रेस्ट असताना कधी कधी दोन क्रॉचेट रेस्ट का लिहिलेली दिसतात? तीनच्या तालात मिनिम रेस्ट वापरायचं नाही असा रिवाज आहे, आणि चारच्या तालात दुसरी-तिसरी मात्रा शांत असेल तर तिथंही दोन वेगळी क्रॉचेट रेस्ट लिहितात. कारण बारचा मध्य, म्हणजे तिसरी मात्रा, डोळ्याला दिसली पाहिजे. आपण सोळा मात्रांच्या तीनतालाचे विभाग उभ्या रेघांनी पाडून लिहितो ना, तेच कारण. वाचणाऱ्याला आपण तालात कुठं आहोत हे कळत राहावं.

इथून दुसऱ्या दोषाकडे, मोजणी सुटण्याकडे येते. आणि इथं तुमचं भजनी मंडळ तुमच्या बाजूनं उभं राहणार आहे.

हातावर ताल देताना तुम्ही खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, कशी दाखवता? टाळी न वाजवता हात बाजूला नेऊन उघडा करता. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. त्या मात्रेला टाळीचा आवाज नसतो, पण मात्रा असतेच, आणि ती चुकली तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते हे तुम्हाला सांगायला नको. तबल्यावर खालीत बोल वाजत असतात, त्यामुळे खाली म्हणजे रेस्ट असं मी म्हणणार नाही. पण हातानं खाली देण्याची जी क्रिया आहे, आवाज न करता मात्रा दाखवण्याची, ती रेस्टच्या सरावाला तयारच मिळालेली आहे. म्हणून तुमचा तुकडा आधी कीबोर्डवर घेऊच नका. समोर कागद ठेवा. जिथं सूर आहे तिथं टाळी, जिथं रेस्ट आहे तिथं खालीसारखा उघडा हात, आणि तोंडानं एक-दोन-तीन-चार मोठ्यानं, अखंड. रेस्टमध्ये हात हलला पाहिजे. जो हात रेस्टमध्ये गोठतो त्याची मोजणीही गोठते.

तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचा, विचार करा, म्हणजे माझं म्हणणं आणखी उघड होईल. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा घ्या, प्रत्येक जोडी एका मात्रेची आणि पाचवी मात्रा धा. तो तीनदा वाजवायचा आणि दोन ठिकाणी मधे एकेक मात्रा दम ठेवायचा. पाच, एक, पाच, एक, पाच, एकूण सतरा. तीनतालात समेपासून उचलला तर पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्यावर आणि तिसरा धा सतराव्यावर, म्हणजे पुढच्या समेवर. आता तो दम एक मात्रेऐवजी अर्धीच ठेवलात तर? तिसरा धा समेआधी एक पूर्ण मात्रा पडतो आणि टाळकरी मान वर करून बघतात. दमात कुणी काही वाजवत नाही, तरी तिहाईचा सगळा डोलारा त्या न वाजवलेल्या मात्रेवर उभा असतो. हा दम म्हणजेच मोजलेली शांतता, म्हणजेच रेस्ट. तुम्ही मंडळातल्या पखवाजाबरोबर किंवा तबल्याबरोबर वर्षानुवर्षं ती मोजत आला आहात. फक्त ती कागदावर चिन्हानं लिहिलेली कधी पाहिली नव्हती. लयब्रह्मभास्कर म्हणून ओळखले गेलेले तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर आपल्याच गोव्याचे. लयीचा हिशेब आपल्या मातीला नवा नाही, तेव्हा रेस्ट ही परकी गोष्ट आहे असं मनातून काढून टाका.

आता रोजच्या सरावाचं. दिवसाला वीसेक मिनिटं मिळाली तरी पुरे. मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं साधन, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवा, मोबाइलवर मोफत मिळतो. तुमच्या ओळखीच्या स्वरांतच एक ओळ लिहून घ्या. पहिला बार सा, रे, रेस्ट, ग. दुसरा बार रेस्ट, म, प, रेस्ट. तिसरा बार रेस्ट, रेस्ट, ध, प. चौथा बार म, रेस्ट, ग आणि शेवटी रेस्ट. प्रत्येक गोष्ट एकेक मात्रेची. पण सरगमीतली आडवी रेघ इथं वापरू नका, नाहीतर डोळा पुन्हा जुन्या वाटेनं जाईल. क्रॉचेट रेस्टचं ते नागमोडी चिन्हच हातानं काढा, काढता काढता ते ओळखीचं होतं. आणि भातखंडे लिपीतलं खालीचं शून्यही नको, तिथं गोंधळ वाढेल.

ही ओळ आधी टाळी आणि उघड्या हातानं. मग गाऊन, पण रेस्टमध्ये आकडा मोठ्यानं म्हणायचा: सा, रे, 'तीन', ग. मग तोच आकडा कुजबुजत. मग ओठ मिटून, नुसता मनात. या पायऱ्या घाईनं ओलांडू नका. बहुतेकांचं बिघडतं ते शेवटच्या पायरीवर, आकडा मनात गेला की तो हळूहळू नाहीसाच होतो. असं झालं की एक पायरी मागं या, पुन्हा कुजबुजा. हे सगळं झाल्यावर मग कीबोर्ड, ऑर्गनच्या आवाजात. दुसरा आणि तिसरा बार रेस्टनं सुरू होतो, तो मी मुद्दाम तसा ठेवला आहे. बारची पहिली मात्रा शांत असणं हे सर्वांत अवघड, कारण आपला हात सम दिसली की पडायला धावतो.

पहिल्या मात्रेवरची शांतता किती मोलाची असते ते ऐकायचं असेल तर बीथोव्हनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, ऐका, व्हिएन्नात १८०८ साली पहिल्यांदा वाजली ती. तिची सुरुवात सगळ्या जगाला पाठ आहे, तीन आखूड सूर आणि एक लांब. पण कागदावर त्या तीन सुरांच्या आधी एक क्वेव्हर रेस्ट आहे. दोनच्या तालाचा बार, त्यातली पहिली अर्धी मात्रा शांत, मग तीन अर्ध्या मात्रा, मग लांब सूर. कंडक्टरची, म्हणजे वाद्यवृंदाला ताल दाखवणाऱ्याची, काठी पडते ती त्या रेस्टवर, आणि वाद्यं तिच्या मागून उसळतात. ते रेस्ट न मोजता वाजवलं तर तेच तीन सूर एका मात्रेत कोंबलेल्या तीन तुकड्यांसारखे येतात आणि त्यातला सगळा ताण निघून जातो. रेकॉर्डिंग लावा आणि पहिल्या सुराच्या आधी मांडीवर स्वतः थाप मारून बघा. एकदा ती थाप बरोबर बसली की ते रेस्ट तुम्हाला ऐकू यायला लागेल.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. नाताळच्या दिवसांत इथल्या कॉयरना हॅण्डेलचं हालेलुया हे समूहगीत चांगलं माहीत असतं. शेवटी 'हालेलुया, हालेलुया' असं जोरात चढत जातं आणि एकाएकी सगळं थांबतं. गायक, वाद्यं, कुणीच नाही. मग शेवटचं संथ हालेलुया येतं. त्या थांबलेल्या जागेत एखादा उत्साही गायक एकटाच 'हा' म्हणून मोकळा होतो, आणि कॉयरचं मास्तर होणाऱ्या प्रत्येकाला याच जागेची धास्ती असते. म्हणून तालमीत ती जागा पुन्हा पुन्हा घेतात. डिसेंबरात जवळपास कुठं हे गाणार असतील तर मुलीला घेऊन जरूर जा. मोठ्या दगडी चर्चमध्ये बसलात तर आणखी एक गोष्ट कळेल. तिथं सूर थांबला तरी छताखाली घुमत राहतो आणि ती शांतता त्या घुमण्यानंच भरते. म्हणून तिथं गाणारे रेस्टच्या तोंडाशी आवाज फार स्वच्छ तोडतात, नाहीतर शब्दावर शब्द चढतो.

'एवढी चिन्हं कशाला' याचं आणखी एक उत्तर आपल्याच माणसांच्या इतिहासात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा आणि त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक आणि अरेंजर मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत होते. संगीतकार चाल गाऊन दाखवत, हे लोक ती नोटेशनमध्ये उतरवत आणि प्रत्येक वादकाच्या हातात त्याचा कागद देत. त्या कागदावर फक्त त्याची ओळ असते. बाकीचे काय वाजवतात ते त्याला दिसत नाही. ट्रम्पेटवाल्याला गाण्यात दोन ठिकाणीच वाजवायचं असेल तर त्याच्या कागदावर बाकी सगळी रेस्टच. तेव्हा अख्खं गाणं एका दमात रेकॉर्ड होई, एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. त्या वादकाला जागेवर ठेवत होती ती त्याची मोजलेली रेस्ट. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आपण त्यांचे सूर ऐकतो, पण त्यांनी गप्प बसून मोजलेले बारही त्या गाण्यांत आहेत.

असे पुष्कळ रिकामे बार सलग आले की ते एकेक लिहीत नाहीत. एक आडवी जाड पट्टी काढतात, तिच्या दोन्ही टोकांना उभी रेघ आणि वर आकडा. आठ लिहिलं असेल तर आठ बार शांत. मोजायचं असं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला बारचा नंबर, म्हणजे दोन्ही हिशेब एकत्र राहतात. बोटांवर मोजलं तरी लाज वाटून घेऊ नका, ऑर्केस्ट्रात मुरलेले वादकही मोजतात.

काही चिन्हं शांततेसारखी दिसतात पण मोजायची नसतात, ती झटपट सांगून टाकते. ओळीच्या वर स्वल्पविराम दिसला तर तो श्वासाचा, आधीच्या सुरातून किंचित वेळ काढून घ्यायचा, ताल हलवायचा नाही. सुराच्या डोक्यावर किंवा पायाशी टिंब असेल तर सूर तुटक वाजवायचा. त्यामुळे मधे फट पडते, पण ती फट मोजून लिहिलेली नाही. टिंब सुराच्या पुढं असेल तर मात्र तो लांबी वाढवणारा, हे वर आलंच आहे. आणि रेस्टवर अर्धगोल व त्यात टिंब असं डोळ्यासारखं चिन्ह आलं तर तिथं मोजणी खरोखरच थांबते, किती वेळ ते वाजवणारा किंवा कंडक्टर ठरवतो. तुमच्या पातळीवर एवढं पुरे.

शेवटी तुम्हा दोघांच्या तुकड्याविषयी. तो मी पाहिलेला नाही, पण चौहाती, म्हणजे दोघांनी चार हातांनी वाजवायच्या, तुकड्यांत एक गोष्ट नेहमी येते. एकाच्या रेस्टमध्ये दुसऱ्याची मुख्य ओळ असते. तुमच्या रेस्टमध्ये मुलगी वाजवत असेल, आणि तुमच्यातला साथीदार तिथं जागा भरायला धावेल. त्याला आवरा, ती जागा तिची आहे. सरांना विचारून तुमच्या कागदावर, तुमच्या रेस्टच्या वर, तिचे शेवटचे दोन-तीन सूर पेन्सिलनं बारीक लिहून घ्या. छापील पुस्तकांतही लांब रेस्टनंतर असे बारीक सूर दिलेले असतात. तुमची मोजणी आणि तिचे ते सूर, दोन्ही जुळले की प्रवेश चुकत नाही. पान उलटायची जबाबदारीही ज्याला त्या जागी रेस्ट आहे त्याच्याकडे द्या, आणि उलटताना मोजणी चालू ठेवायचा वेगळा सराव करा. कार्यक्रमात नेमकं तिथंच अडतं.

घरी एक दिवस तुमची ओळ तिला वाजवू द्या आणि तिची तुम्ही वाजवा. मग दोघांनी नुसती रेस्टच वाजवा. म्हणजे तुकडा मनात चालवायचा, सुरांच्या जागी काहीच नाही आणि जिथं जिथं आपलं रेस्ट आहे तिथं टाळी. नऊ वर्षांच्या मुलीला हा खेळ आवडेल. तुमच्या टाळ्या एकमेकांच्या मधे नीट बसल्या की तुकडा तयार झाला असं समजा. भजनाची पेटी मात्र यासाठी बंद करू नका. गुरुवारी मंडळात जागा भरा, शनिवारी क्लासमध्ये मोकळी सोडा. हात दोन्ही शिकेल, फक्त पहिले काही आठवडे क्लासला जाण्याआधी ती टाळी आणि उघड्या हाताची ओळ एकदा करून जा. आणि सरांना हे पत्र दाखवा. 'खाल्लं' आणि 'उशिरा' यांतलं नेमकं काय आणि कुठल्या बारमध्ये होतं, ते त्यांना तुमच्या कागदावर दोन वेगळ्या रंगांनी खूण करायला सांगा.